केमो सुरू असताना हळद, सुंठ, मिरे : किती, कधी आणि कुठवर

अमळनेरच्या एका भाऊंनी विचारलं आहे : आई ५४ वर्षांची. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, आता दर एकवीस दिवसांनी केमो सुरू आहे. पहिली झाली, त्यात ते लाल औषध गेलं. पुढे चार केमोनंतर दुसरं औषध आणि मग काही वर्षं टॅमॉक्सिफेनची गोळी, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. घरी भेटायला येणारा प्रत्येक जण काहीतरी सुचवून जातो. मावशी म्हणतात, सकाळी अनशापोटी एक चमचा हळद आणि दहा मिरे कुटून काढा द्या. शेजारचे काका कच्च्या लसणाच्या पाच पाकळ्या सांगतात. भाच्याने कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या मुख्य घटकाच्या, कॅप्सूल मागवून ठेवल्या आहेत. आत्यांचं म्हणणं बरोबर उलटं : मसाला, हिंग, तिखट सगळं बंद, फक्त फिकं वरण-भात. आणि आई ताट सरकवून म्हणते, "माले काहीच गोड नही लागस." काय द्यायचं आणि काय नाही?

भाऊ, मी आहारतज्ज्ञ आहे. तेवीस वर्षं जळगावात कॅन्सरच्या रुग्णांचं खाणं-पिणं बघते आहे. चोपडा, रावेर, शिरपूर, नवापूर, कुठून कुठून लोक येतात आणि जवळजवळ प्रत्येकाच्या पिशवीत अशी एखादी पुडी असतेच. म्हणून आधी थेट सांगते, कारणं मागून देते. भाजी-वरणात पडते तेवढी हळद, हिंग, जिरं, धणे, आलं-लसूण बिनधास्त चालू ठेवा. कर्क्युमिनच्या कॅप्सूल आज बंद करा आणि बाटली डॉक्टरांना दाखवा. हळद-मिऱ्यांचा काढा नको. कच्चा लसूण नको. सुंठ चालेल, पण मोजून आणि डॉक्टरांना विचारून. आणि आत्यांचं फिकं वरण फक्त तोंड आलं असेल किंवा जुलाब होत असतील तेव्हाच. आईचं तोंड आत्ता ठीक असेल तर तिला चव हवी आहे, आणि ती दिलीच पाहिजे.

सगळ्यात मोठा प्रश्न हळदीचा, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते. हळदीबद्दल मला मनापासून आदर आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत जखमेवर हळद वापरण्याचं पेटंट दिलं गेलं, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआर या आपल्या सरकारी वैज्ञानिक संशोधन संस्थेने त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द करून घेतलं. आपल्या आज्यांना जे ठाऊक होतं ते कुणाच्या मालकीचं होऊ शकत नाही, हे त्यात सिद्ध झालं. त्या बातमीचा अभिमान मला आजही वाटतो. पण तो वाद जखमेचा होता. लोकांच्या मनात मात्र जखम आणि कॅन्सर हळूहळू एकच झाले, आणि "हळदीने कॅन्सर बरा होतो हे जगाने मान्य केलं" असं मला सांगणारी सुशिक्षित माणसंही भेटतात.

प्रयोगशाळेत कॅन्सरच्या पेशींवर कर्क्युमिन थेट टाकलं तर पेशी मरतात, हे खरं आहे. अडचण पुढे आहे. हळदीत कर्क्युमिन असतं साधारण तीन टक्के. म्हणजे चहाचा भरलेला चमचा, तीन ग्रॅम हळद, तर त्यात कर्क्युमिन ९० मिलिग्रॅमच्या आसपास. तेही आतड्यातून रक्तात फार थोडं जातं, आणि गेलेलं यकृत लगेच बाहेर काढतं. २००८ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात रुग्णांना रोज ८ ग्रॅम कर्क्युमिन दिलं. परिणाम तपासता आला अशा २१ रुग्णांपैकी दोघांत काहीतरी फरक दिसला. तेवढं कर्क्युमिन घरच्या हळदीतून मिळवायचं तर रोज पाव किलोच्या वर हळद खावी लागेल. ते कुणालाच शक्य नाही आणि करूही नये. २०१७ मध्ये औषध-रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने कर्क्युमिनवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. तोवर माणसांवर १२० च्या वर चाचण्या होऊन गेल्या होत्या, तरी काटेकोर पद्धतीने झालेली आणि यशस्वी ठरलेली एकही चाचणी त्यांना दाखवता आली नाही.

मग मावशींच्या काढ्यात मिरे कशाला? त्यामागे एक शास्त्र आहे आणि धोका नेमका तिथेच आहे. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांनी दाखवलं की मिऱ्यातलं पायपरिन कर्क्युमिनसोबत दिलं तर रक्तातलं कर्क्युमिन वीस पटींनी वाढतं. मोबाईलवर फिरणारा "हळद घ्या तर मिरे घालूनच घ्या" हा सल्ला तिथून आला. त्या प्रयोगात पायपरिन होतं २० मिलिग्रॅम. मिऱ्यात पायपरिन साधारण पाच टक्के धरलं तर २० मिलिग्रॅमला सात-आठ मिरे पुरतात. बघा, हळदीची औषधी मात्रा स्वयंपाकघरात गाठताच येत नाही, पण मिऱ्याची मात्रा एका काढ्यात सहज गाठली जाते! आणि पायपरिन काही फक्त हळदीसाठी दार उघडत नाही. ज्या यंत्रणेने यकृत आणि आतडी औषधं मोडतात, बाहेर टाकतात, तीच यंत्रणा ते मंद करतं. फिट्सचं फेनिटॉइन, रक्तदाबाचं प्रोप्रानोलॉल, यांची रक्तातली पातळी मिऱ्यातल्या पायपरिनने वाढलेली आढळली आहे. केमोची बरीच औषधं त्याच वाटेने शरीराबाहेर जातात. केमोचा डोस डॉक्टर उंची-वजन बघून मिलिग्रॅममध्ये काढतात. तो आपण घरी काढ्याने हलवायचा का?

आता तुमच्या आईला नेमकं लागू पडणारं सांगते. लाल औषधासोबत बहुतेकदा सायक्लोफॉस्फामाइड दिलं जातं. तुमच्या डिस्चार्ज कार्डवर ते नाव आहे का बघा. २००२ मध्ये अमेरिकेत उंदरांवर प्रयोग झाला. माणसाच्या स्तनाच्या कॅन्सरच्या गाठी उंदरांत वाढवल्या, त्यांना सायक्लोफॉस्फामाइड दिलं, आणि काहींच्या खाण्यात कर्क्युमिन घातलं. कर्क्युमिन खाणाऱ्या उंदरांच्या गाठी कमी आटल्या. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. पण औषधाचा परिणाम कमी होण्याची शंका जरी असली, तरी त्या दिवसांत कॅप्सूल मी माझ्या आईला देणार नाही. पुढे टॅमॉक्सिफेन सुरू होईल तेव्हाही हेच. ही गोळी शरीरात जाऊन एंडॉक्सिफेन बनते आणि काम खरं ते करतं. नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमला २०१९ मध्ये एक छोटा अभ्यास झाला, त्यात कर्क्युमिन आणि पायपरिन एकत्र घेणाऱ्या बायकांच्या रक्तात एंडॉक्सिफेन कमी झालेलं दिसलं. टॅमॉक्सिफेन पाच-दहा वर्षं घ्यायची असते. तेवढा काळ तिची ताकद थोडी थोडी कमी करत राहणं परवडणारं नाही.

यकृताचं वेगळं सांगते, कारण ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. काही वर्षांपूर्वी रावेर भागातल्या एक बाई, पन्नाशीच्या. तिसऱ्या केमोआधी रक्त तपासलं तर एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की वाढणारा आकडा, चांगलाच वर गेलेला. केमो एक आठवडा पुढे ढकलली. पुन्हा तपासलं, अजून वाढलेलं. कावीळ तपासली, सोनोग्राफी केली, काहीच सापडेना. डॉक्टरांनी मला सांगितलं, खाण्याची चौकशी करा. मी विचारलं तर म्हणाल्या, "बाहेरचं काहीच नाही हो ताई, घरचंच." तासभर बोलल्यावर सुनेने पिशवीतून बाटली काढली. हळदीचा अर्क, मिऱ्याच्या अर्कासह, दिवसाला चार गोळ्या, शिवाय सकाळी काढा. त्यांच्या लेखी ते औषध नव्हतंच, ती हळद होती. बंद केल्यावर यकृताचे आकडे उतरायला लागले आणि महिनाभराने केमो पुन्हा सुरू झाली. तो महिना उपचारातून गेला, तो परत मिळाला नाही. हळदीच्या अर्काने यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अमेरिकेतही झाल्या आहेत आणि त्यांतल्या काही गोळ्यांत मिऱ्याचा अर्कही होता.

त्या बाईंनी खोटं सांगितलं नव्हतं. आम्ही प्रश्न चुकीचा विचारला होता. "औषध काय घेता?" असं विचारलं की लोक हळद सांगत नाहीत. तेव्हापासून मी "सकाळी उठल्यापासून तोंडात काय काय जातं ते सांगा" असं विचारते.

हळद विकत घेताना एक काळजी घ्या. रंग खुलावा म्हणून हळकुंडांना आणि पावडरीला शिशाचं पिवळं रसायन, लेड क्रोमेट, लावण्याचे प्रकार दक्षिण आशियात सापडले आहेत. आजाऱ्याच्या घरात सुटी, झगझगीत पिवळी पावडर नको. ओळखीच्या ठिकाणचं हळकुंड आणून घरी किंवा गिरणीत दळा, नाहीतर खात्रीचं बंद पाकीट घ्या. आणि हळदीच्या दुधाचं म्हणाल तर चिमूटभर हळद घालून रात्री जरूर द्या. त्यातलं दूध मला जास्त प्यारं आहे. पेलाभर म्हशीच्या दुधात नऊ-दहा ग्रॅम प्रथिनं असतात आणि ती आईला हळदीपेक्षा कितीतरी जास्त हवी आहेत.

सुंठीबद्दल मात्र चांगलं सांगता येतं, त्याचा आनंद आहे. केमोनंतरच्या मळमळीवर अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली, २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली, ५७६ रुग्णांची. नेहमीच्या उलटीच्या औषधांसोबत सुंठीच्या कॅप्सूल दिल्या, केमोच्या तीन दिवस आधीपासून, एकूण सहा दिवस. दिवसाला अर्धा ते एक ग्रॅम घेणाऱ्यांना पहिल्या दिवसाची मळमळ सगळ्यात कमी झाली. दीड ग्रॅमने त्याहून जास्त फायदा झाला नाही, हे लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे चांगलं ते जास्त द्यायची सवय आहे. दिल्लीच्या एम्समध्येही हाडाच्या कॅन्सरच्या मुलांवर आणि तरुणांवर सुंठीचा अभ्यास झाला, २०११ मध्ये, आणि तिथेही मळमळ-उलटी कमी झाली. नंतरचे सगळे अभ्यास इतके चांगले आले नाहीत. तरी माझा स्वतःचा अनुभव चांगला आहे.

घरच्या मापात सांगायचं तर चहाच्या लहान चमच्याचा पाव भाग म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम सुंठ. सकाळ-संध्याकाळ तेवढी, कोमट पाण्यात किंवा गुळाच्या खड्यासोबत, काहीतरी खाल्ल्यावर. अनशापोटी नको, कारण केमोसोबत स्टेरॉइड दिलेलं असतं, पोटात आधीच जळजळ असते. डॉक्टरांनी दिलेली उलटीची गोळी वेळेवर घ्यायचीच, सुंठ तिच्या जोडीला. आणि प्लेटलेट कमी झाल्या असतील, रक्त पातळ करायची गोळी सुरू असेल, किंवा तोंड आलं असेल, तर सुंठ बंद.

उलटीच्या गोळीने बद्धकोष्ठ होतं, हे बऱ्याच घरांत कुणी सांगितलेलं नसतं. मग "पोट फुगलं, गॅस झाला" म्हणून ओवा, बडीशेप, हिंगाचं पाणी असा मारा सुरू होतो. ओवा-बडीशेपेने ढेकर येऊन बरं वाटतं, द्यायला हरकत नाही. पण आधी विचारा, पोट कधी साफ झालं? तीन दिवस झालं नसेल तर पाणी वाढवा आणि डॉक्टरांकडून रेचक लिहून घ्या.

मळमळीची अजून एक गोष्ट, जी कुठल्याच गोळीने सुटत नाही : फोडणीचा वास. केमोनंतरच्या चार-पाच दिवसांत नाक फार हळवं होतं. आपल्याकडे कांदा-खोबरं भाजून, तेल सुटेपर्यंत काळा मसाला परततात, तो खमंग वास एरवी गल्लीभर भूक लावतो, आणि याच वासाने आजारी माणूस बादलीकडे धावतो. आई आतल्या खोलीत किंवा अंगणात असताना फोडणी द्या, खिडकी उघडी ठेवा, अन्न कोमट करून वाढा, कारण गरम अन्नाचा वास जास्त येतो. चैत्र-वैशाखात घरी वर्षाचा मसाला, मिरच्या भाजायचा-कुटायचा बेत असेल तर तो यंदा बहिणीच्या घरी करा.

लसणाचं थोडक्यात. भाजीत, चटणीत शिजलेला लसूण चालतो. कच्च्या पाच पाकळ्या किंवा लसणाच्या कॅप्सूल रक्त गोठण्यात अडथळा आणतात. केमोत प्लेटलेट आधीच खाली आलेल्या असतात, शिवाय कच्च्या लसणाने अन्ननलिका सोलवटते. डोसेटॅक्सेल नावाचं औषध पुढे असेल तर लसणाच्या गोळ्यांबाबत जास्तच सावध राहा, ते औषध शरीरात जास्त वेळ रेंगाळू शकतं. दालचिनीचं असंच : बाजारात मिळणारी जाड सालीची दालचिनी बहुतेक कॅशिया असते, तिच्यात कौमारिन असतं आणि ते रोज चमचाभर घेतलं तर यकृताला जड जातं. मसाल्यातल्या तुकड्याने काही होत नाही. मेथीने साखर खाली येते. आईला मधुमेहाच्या गोळ्या सुरू असतील तर रोज भिजवलेली मेथी सुरू करण्याआधी विचारा, कारण स्टेरॉइडच्या दिवसांत साखर वर जाते आणि नंतर एकदम उतरते, त्यात मेथीची भर पडली की हिशोब लागत नाही. तीळ, बडीशेप, सोयाबीन स्तनाच्या कॅन्सरला चालत नाहीत असं तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल. जेवणाच्या मापात त्यांची भीती बाळगू नका.

आता आत्यांच्या बाजूने बोलते, कारण त्यांचं पूर्ण चुकलेलं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या केमोपर्यंत आईचं तोंड येऊ शकतं. ओठांच्या आत, जिभेच्या कडेला सोलल्यासारखं होतं. "तोंडमा आग व्हस," असं आमच्याकडे बाया सांगतात. त्या दिवसांत मिरची, काळा मसाला, चिंच, लिंबू, कडक भाकरी, सगळं बाजूला. लवंगेचं तेल कुणी लावायला सांगेल, अजिबात लावू नका, सोललेल्या जागी ते भाजतं. पेलाभर उकळून गार केलेल्या पाण्यात पाव चमचा मीठ आणि पाव चमचा खायचा सोडा घालून दिवसातून पाच-सहा वेळा गुळण्या करायच्या, मऊ ब्रश वापरायचा. हळदीच्या गुळण्यांचं विचाराल, तर मंगळूरला तोंडा-घशाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर तसा अभ्यास झाला आहे. रेडिएशनच्या काळात हळदीच्या गुळण्या करणाऱ्यांचं तोंड पोव्हिडोन-आयोडिन या जंतुनाशकाच्या गुळण्या करणाऱ्यांपेक्षा कमी आलं. आशा वाटावी असं ते आहे. मीठ-सोड्याच्या जोडीला चिमूटभर हळद घालून बघायची असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारून बघा. मीठ-सोडा सोडून मात्र नको.

तोंडाचा विषय निघालाच आहे तर प्रश्नाबाहेरचं एक सांगू द्या, कारण खान्देशात ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. महाराष्ट्रात गुटखा २०१२ पासून बंद आहे, तरी गावागावांत मिळतोच, आणि सुपारी तर उघड मिळते. ठेचा आणि शेवभाजी आवडीने खाणारा घरातला तरुण मुलगा अचानक म्हणायला लागला की तिखट सहन होत नाही, तोंड पूर्ण उघडत नाही, तर त्याला "पित्त वाढलं" म्हणून जिऱ्याचं पाणी देत बसू नका. तोंडाच्या आतलं अस्तर कडक होण्याची ती सुरुवात असू शकते. सुपारीने होतं ते, आणि पुढे त्याचाच कॅन्सर होऊ शकतो. तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तर त्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरकडे न्या.

परत आईकडे. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. या दिवसांत मसाल्याची पावडर वरून कच्ची भुरभुरवू नका. दही-भातावर तिखट, काकडीवर चाट मसाला, ताकात कच्ची जिरेपूड, हे थांबवा. उन्हात वाळवलेल्या, पोत्यात राहिलेल्या मसाल्यांत जंतू आणि बुरशीचे बीजाणू असतात. निरोगी पोटाला ते जाणवत नाहीत, या दिवसांत जाणवतात. जो काही मसाला घालायचा तो भाजी शिजताना घाला, म्हणजे चांगली उकळी मिळते. फळांत आपलं केळं या काळात सोन्यासारखं आहे, जाड सालीचं, हात धुऊन सोललं की खायला तयार. मूत्रपिंडाचा त्रास असेल तरच केळ्यांची संख्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

आणि ताप. या दिवसांत ताप १००.४ च्या वर गेला, किंवा थंडी वाजून आली, तर काढा नाही, हळदीचं दूध नाही, "सकाळपर्यंत बघू" नाही. रात्रीचे दोन वाजले असतील तरी गाडी काढा आणि दवाखान्यात न्या, जाताना फाइल घ्या. घरातली पॅरासिटामॉल देऊन ताप दाबूनही ठेवू नका. अमळनेरहून निघून पोचेपर्यंतचा वेळ त्यात धरायचा आहे, म्हणून गाडीवाल्याचा नंबर आधीच ठरवून ठेवा. काढ्यावर दोन दिवस थांबून आलेले रुग्ण मी पाहिले आहेत, सगळेच वाचले नाहीत.

पुढे रेडिएशन असेल तर छातीच्या त्या भागावर हळदीचा लेप लावू नका. कातडीवर केलेल्या खुणा झाकल्या-पुसल्या जातात, जाड लेपाने कातडीला मार जास्त बसू शकतो आणि सोललेल्या जागी जंतू शिरतात. पोर्ट (केमो देण्यासाठी कातडीखाली बसवलेली छोटी डबी) किंवा सुईच्या जागेलाही हळद नको.

आता खरं काम, म्हणजे घास. सुरुवातीच्या वर्षांत मीही सगळ्यांना मसाला बंद सांगायचे. पारोळ्याच्या एका आजींना मी फिका आहार लिहून दिला. त्यांनी तो निष्ठेने पाळला, म्हणजे जवळजवळ जेवणच सोडलं, आणि तीन आठवड्यांत चार किलो वजन गेलं. तोंड आलेलं नव्हतं, जुलाब नव्हते. मी विनाकारण त्यांच्या ताटातली चव काढून घेतली होती. आयुष्यभर कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्लेल्या माणसाला उकडलेला भोपळा दिला तर तो आजारापेक्षा जेवणाला घाबरतो. माझ्या लेखी केमोच्या काळात मसाल्याचं सगळ्यात मोठं औषधी काम तेच आहे, की अन्न खावंसं वाटावं. वजन टिकलं तर केमो वेळेवर होते, डोस कमी करावा लागत नाही.

आईचं वजन ५० किलो धरलं तर तिला दिवसाला ६० ते ७५ ग्रॅम प्रथिनं हवीत. साध्या वरण-भाताने ती होत नाहीत. माझी आवडती युक्ती म्हणजे कढी-फुणके. तुरीची डाळ भिजवून एरवीपेक्षा बारीक वाटायची, त्यात जिरं, हिंग, हळद, कोथिंबीर, लसणाची एक-दोन पाकळी, मिरची नावापुरती. चांगले वाफवायचे, कुस्करून कोमट कढीत घालायचे, वर चमचाभर तूप. मऊ आहे, गिळायला सोपं आहे, डाळ आणि दही दोन्हींची प्रथिनं आहेत, आणि ताटात आपलं अन्न दिसतं. दही घरी लावलेलं, ताजं. शेवभाजी हवी म्हणाली तर तर्री बाजूला काढून, रस्सा पातळ करून, शेव मऊ होऊ देऊन वाटीभर द्या. तोंडाला धातूसारखी चव येते म्हणत असेल तर स्टीलऐवजी काचेच्या किंवा चिनी मातीच्या वाटीत वाढा, आणि तोंड आलेलं नसेल तर वरणात आमसूल किंवा लिंबाचे चार थेंब, पुदिना, जिऱ्याची फोडणी. गोड लागत नसेल तर आंबट-खारट लागतं का बघा. चव दर केमोला बदलते, म्हणून मागच्या वेळी नको म्हटलेलं यावेळी पुन्हा विचारा.

मावशींना कसं सांगायचं, हेही तुमच्या मनात असेल. त्या प्रेमाने सांगतात, त्यांना धुडकावू नका. "डॉक्टरांनी केमो संपेपर्यंत काढा थांबवायला सांगितलंय, तुम्ही तेवढं कढी-फुणक्यांचं बघाल का?" असं म्हणा. हाताला काम मिळालं की माणसं औषध सुचवायची थांबतात, हा माझा अनुभव आहे.

दुसऱ्या केमोला जाताना कॅप्सूलची बाटली, काढ्याची पुडी, आणि घरात मधुमेह-रक्तदाबाच्या ज्या गोळ्या आई घेते त्या सगळ्या एका पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. आजपर्यंत कॅप्सूल किती दिवस, किती घेतल्या ते खरं सांगा, म्हणजे त्या दिवशीच्या रक्ततपासणीत यकृताकडे नीट लक्ष जाईल. आणि आजपासून एका वहीत रोज सकाळचं वजन, ताप, पोट साफ झालं की नाही, आणि आईने दिवसभरात खरोखर काय खाल्लं एवढं लिहून ठेवा. दुसऱ्या केमोनंतर दहाव्या दिवशी ती वही बघून पुढचं जेवण ठरवू.